रंगाचं टोक

पोलादाची सळई कुणी रंगाच्या टोकाकडून कापली, की मेहकरच्या चाचांचं डोकं फिरायचं. "नावच कापलं ना बे तिचं! आता तिले कोन म्हनून हाक मारू?" असं भर दुकानात ओरडायचे.

त्यांच्या दुकानातल्या सगळ्या सळ्या दिसायला सारख्याच काळ्या. म्हणून प्रत्येकीच्या एका टोकाला तिच्या जातीचा रंग, आणि कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून. वडिलांमागे जानेफळचा लेथ मी चालवायला घेतला तेव्हा मला वाटायचं, जातीचा ईएन नंबर जितका मोठा तितकं पोलाद भारी. मी ऐटीत ईएन एकतीस मागितलं. चाचा हसले.

"नंबर म्हंजे काय शाळेतले मार्क हायत का पोरी? आठात नुसता कार्बन. चोवीसात निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम. ते झटका सोसते. एकतीस बेअरिंगचं. कडक लय, पन झटका बसला का मोडते. काय मिसळलं अन् किती, त्याच्यावर जात ठरते."

बीटी कपाशीलाही बोंडअळी खाऊ लागली, त्या वर्षांत माझा भाऊ मधुकर कपाशीचा नाद सोडून सोयाबीनचं मळणीयंत्र चालवू लागला. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, मी चाचांकडच्या चोवीसातून केला. ऐन हंगामात चाचांचा फोन आला. "मशीन बंद करायले सांग! आधी बंद, मंग बोल."

झालं होतं असं, की कुणीतरी रंगाकडून कापलेली एक बिनरंगी सळई चाचांनी, चोवीसची एकच उरली होती ती हीच, अशा निव्वळ आठवणीवर चोवीसची म्हणून रंगवली होती. तीच मला दिली. आणि आता ढिगामागे चोवीसची सळई रंगासकट सापडली. मग मला दिलेली कुठली? ती एकतीसची असली आणि ओला भारा अडकून शाफ्ट मोडला, तर समोर मधुकरचे हात होते.

मधुकर मशीन थांबवून वर्कशॉपमध्ये येऊन बसला. चाचा एसटीनं आले, पायात घरातल्या सपाता तशाच. पिशवीत खात्रीचे दोन तुकडे, एक चोवीसचा, एक एकतीसचा. घासलं की प्रत्येक जातीची ठिणगी वेगळी. ग्राइंडरवर एकतीसचा धरला तर ठिणग्यांची दाट झुडपं फुटली, चोवीसची विरळ. मग त्यांनी माझ्या शाफ्टचा उरलेला तुकडा धरला.

विरळ. पुन्हा धरला. विरळच.

"चोवीसच्या दोन व्हत्या," चाचा मटकन खाली बसले. बाहीनं डोळे पुसले. "मले लय भूक लागून राह्यली बाई." इतक्या हलक्या मनानं मी कुणाला कधी भाकरी वाढली नव्हती.

तेव्हापासून ते सळईची दोन्ही टोकं रंगवू लागले. आणि दर हंगाम संपला, की जानेफळला येऊन मधुकरचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहायचे. त्यावर तो लाजायचा, मी चिडवायची.

शेवटी शेवटी चाचांना दिसेनासं झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मधुकरनं आपणहून हात पुढे केले. चाचांनी एकेक बोट चाचपलं आणि मग ते उशीला टेकले.

"हाव," ते म्हणाले, "चोवीसच व्हतं."