मिठाच्या राणीचं पोरगं

ये, अशी जवळ सरक. तू तिकडं शहरात आणि मी इकडं वालूरला, तरी असं समज की बाजेवर माझ्या शेजारी बसलीस. तुला काय म्हणावं, पोरी? दिवाळीला आलीस, माझ्या कपाटापुढं उभ्या-उभ्या एका पुस्तकाचा फोटो काढलास, अर्धा चहा कपात ठेवून गाडीला पळालीस. आणि मग तिकडून फोन. म्हणे, "आजी, हे पुस्तक त्या लेखकाच्या कुठल्याच यादीत नाही. नक्की त्यांचंच आहे ना?" ग्रंथालयाचं एवढं शिक्षण घेतलंस, मग असलं काही फोनवर विचारू नये हे शिकवलं नाही का कुणी? आता लिहून सांगते. सावकाश वाच, पानं गाळू नकोस.

त्या लिहिणाऱ्याचं नाव तुला ठाऊकच आहे. इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. माणूस कुठं राहायचा, काय नोकरी करायचा, आमाला काही माहीत नव्हतं. पण त्यानं काय काय लिहून ठेवलं होतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. विहिरीच्या तळाशी वसलेलं गाव, तिथं पाऊस खालून वर पडायचा. एका चाकाचा रथ, तो फक्त खरं बोलणाऱ्यालाच ओढता यायचा. पाखरांचा न्याय करणारा आंधळा न्यायाधीश. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. मला वाटायचं, पुस्तक म्हणजे पोथी नाहीतर शाळेचं. हे असलंही असतं हे कळलं तेव्हा शेंगा फोडता फोडता माझे हात थांबले होते.

आमच्या वाचनालयाची एकच खोली, तीही गळकी. एका पावसाळ्यात त्याची पुस्तकं अशी भिजली की पुठ्ठे गेले, वरची नावाची पानं गेली, शिवण सुटली. ती सगळी सेलूच्या जिल्दसाजाकडं बांधायला पाठवली. म्हातारा माणूस, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला. मराठी आकडे त्याला बाजारापुरते पक्के यायचे, अक्षरांशी मात्र त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण जिल्द अशी बांधायचा की पुस्तक दगडावर आपटलं तरी सुटू नये.

बांधून आलेल्या त्या पुस्तकांना नावंच राहिली नाहीत, म्हणून आमी बायकांनी नावं ठेवली. विहिरीचं, रथाचं, पाखरांचं, मिठाच्या राणीचं. त्या लिहिणाऱ्याच्या पुस्तकांत एक रीत होती. बाई राणी झाली की तिचं नाव पुसून टाकायचे, मग जन्मभर नुसती राणी. आमाला त्यात नवल वाटलं नाही. आमचीही नावं लग्नात बदललीच होती की.

आता थोरल्या आत्याबाईंचं सांगते. माझ्या नवऱ्याची चुलती, एकाच अंगणात आमची दोन्ही घरं. एकुलता एक पोरगा बापाशी भांडून घरातून निघून गेला होता. कुणी म्हणायचं हैदराबादला दिसला, कुणी म्हणायचं नांदेडला. त्याच्यामागं चुलतेही वारले. आत्याबाई त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. फक्त जेवायला बसताना दाराकडं तोंड करून ताट घ्यायच्या.

दुपारी बायका शेंगा फोडायला, ज्वारी निवडायला आमच्या ओसरीवर जमायच्या आणि मी वाचायची. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, ऐकायच्या. आणि मागायच्या एकच पुस्तक, मिठाच्या राणीचं. त्या राणीचा महाल मिठाच्या विटांचा, आणि तिचा राजपुत्र रुसून निघून गेलेला. राणी रोज भिंतीचा एक खडा तोडून वाटसरूच्या हातावर ठेवते. म्हणते, माझं मीठ खाल्लेलं कुणीतरी त्याला भेटेल. पुस्तकाच्या मध्यावर राणी दिवा उचलते, दार उघडते, आणि तिथून राजपुत्राची परतीची वाट सुरू होते. शेवटी येतो. येतो म्हणजे धुळीनं भरलेला, दाढी वाढलेला, आणि राणी त्याला आधी जेवायलाच वाढते. तिथं पोचलं की आत्याबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "पुन्यांदा वाच." बाकीच्या बायका चिडवायच्या की आत्याबाईंनी ह्या पुस्तकाची पारायणं मांडलीत. त्यांना फिकीर नव्हती.

असंच एक तळ्याच्या राणीचंही होतं. ते आमी एकदाच वाचलं. त्यात पोरगं शेवटपर्यंत येतच नाही. आत्याबाईंनी ते उचलून ठेवायला लावलं.

विद्यापीठाच्या नामांतराची पहिली आग विझून दोन-तीन वर्षं झाली असतील. वरून निरोप आला की वाचनालयाची नीट यादी करा, जी पुस्तकं यादीत नसतील ती बाद. हे काम आलं माझ्याकडं आणि बालवाडीच्या बाईंकडं. बाई बौद्ध वस्तीतल्या. माझ्याहून लहान, पण शिकलेल्या, आणि त्या लिहिणाऱ्याच्या माझ्यापेक्षाही वेड्या. त्यांच्याकडं त्याची स्वतः जमवलेली पुस्तकं होती, पुठ्ठ्यासकट.

पण ती ट्रंकेत. गावागावांत घरं जळायला लागली त्या दिवसांत बाईंनी ती ट्रंक डोक्यावर घेऊन पेडगावला भावाचं घर गाठलं होतं. लोक धान्य नेत होते, भांडी नेत होते, ह्यांनी पुस्तकं नेली. आमच्या गावात काही झालं नाही असं आमची माणसं अजून सांगतात. झालं नाही हे खरं, पण होईल म्हणून एक बाई ट्रंक घेऊन पळाली हेही खरंच की. परत आल्यावर बाईंनी ठरवून टाकलं होतं, ही पुस्तकं आता उंबरा ओलांडणार नाहीत. वाचायचं असेल त्यानं घरी यावं.

म्हणून वाचनालयाची पुस्तकं टोपल्यात घालून मीच त्यांच्याकडं जायची. घरच्यांना माहीत होतं. टोपल्यावर फडकं असायचं, ते फडक्याकडं बघायचे आणि गप्प बसायचे.

यादी करायची म्हणजे आधी कुठलं, मागून कुठलं, हे ठरवायला पाहिजे. छापल्याचं साल निम्म्या पुस्तकांवर नव्हतं. आणि साल असून तरी काय, पोरी. त्यानं आजीची गोष्ट नातीच्या मागून लिहिलेली. मग आमी आपली रीत लावली. आपण कसं म्हणतो, हा दुष्काळात झाला, ती रझाकाराच्या साली झाली, तसं. सगळी पुस्तकं गोधडीवर मांडली आणि एकेक खूण धरून बसलो. विहिरीच्या पुस्तकात नदीवर पूल नाही. रथाच्या पुस्तकात पुलाचा पहिला दगड बसतो. पाखरांच्या पुस्तकात तो पूल पडलेला, आणि त्याच्या दगडावर एक बोळकी म्हातारी शेळ्या राखते. बाई एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, हिच्या कपाळावरचा डाग बघा."

विहिरीतून वर आलेल्या पहिल्या पोरीलाही तोच डाग होता, ती हीच होती. त्यानं कुठंही तसं लिहिलं नव्हतं. नुसता डाग ठेवून दिला होता, कुणाला सापडला तर सापडला. मग आमी बाकीची पुस्तकंही पुन्हा चाळली. वेगवेगळी म्हणून वाचलेली ही सगळी पुस्तकं एकाच मुलखाची होती. एकाच नदीच्या काठची माणसं त्यात जन्मत होती, म्हातारी होत होती, आणि हे सगळं एका माणसाच्या डोक्यात मावलं होतं. माझ्या डोक्यात तर चार घरांच्या सोयरिकी मावत नाहीत.

मग प्रत्येक पुस्तक बाईंच्या प्रतीशी ताडून बघायचं ठरलं. मी वाचनालयाचं मोठ्यानं वाचायची, बाई त्यांच्या प्रतीत ओळीवरून बोट फिरवायच्या. मिठाच्या राणीचं तर मला तोंडपाठ. मी न बघताच म्हटलं, राणीनं दिवा उचलला आणि, पान उलटलं, दार उघडलं. बाई म्हणाल्या, "थांबा. इथं दार न्हाई. इथं 'आणि तो विझवला' असं हाय."

आधी वाटलं छपाईची चूक असेल. पुढं वाचत गेलो तर एकही ओळ जुळेना. बाईंनी ट्रंकेतून आपलं तळ्याच्या राणीचं पुस्तक काढलं आणि तेच पान उघडलं. दार तिथं उघडत होतं. परत येणारा राजपुत्र तिथं होता.

झालं होतं असं. छापखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून पुस्तक करतात. ही दोन्ही पुस्तकं एका मापाची, एका अक्षराची, दोन्हींत नुसतीच राणी. ढीग मिसळला होता, म्हाताऱ्यानं आकडे बघून पानं लावली आणि ह्या राणीचं धड त्या राणीला जोडलं. आणि इतकी वर्षं आमच्यापैकी एकीलाही शंका आली नाही. मधूनच मिठाच्या भिंती जाऊन कमळाचं तळं कसं आलं, तर आमी म्हणायचो, जादूचं पुस्तक आहे, मीठ विरघळलं असेल.

पुढं एका आठवडी बाजारात जिल्दसाजाला हे सांगितलं, तर तो कानाला हात लावून म्हणाला, "मगर नंबरां तो बराबर हैं ना, बाई." बरोबरच होते.

हसू त्या दिवशीही आलं असतं, पण मला आत्याबाई आठवल्या. खऱ्या पुस्तकात मिठाच्या राणीचं पोरगं येतच नव्हतं. मी बाईंना म्हटलं, आत्याबाईंना सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, यादीत खोटं लिहिता येत नाही, आणि म्हातारीला दुसऱ्याचं पोरगं तिचं म्हणून किती दिवस ऐकवणार. आमचं त्यावर चांगलंच वाजलं.

शेवटी आत्याबाईंनीच ओळखलं. मी ते पुस्तक काढीना. एका दुपारी त्या म्हणाल्या, "लय दिस झाले, राणीचं वाचीनास तू. पोरगं मेलं का त्याच्यात?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, बसावा तरी का. म्हणाल्या, मास्तरीणबाईचं पुस्तक इकडं आण, माझ्यापुढं वाच. मी म्हटलं, ते त्या घरातून बाहेर पडत नाही, आणि का पडत नाही तेही सांगितलं. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. मग काठी घेऊन उठल्या.

उभ्या जन्मात त्या वस्तीत गेल्या नव्हत्या. बारवेपाशी लोक उभे होते, कुणी विचारलं, थोरल्याबाई, कुणीकडं? म्हणाल्या, "पोराची चौकशी करायला." त्या पुढं, मी मागून चालत होते.

बाईंनी चटई टाकली आणि खरं पुस्तक वाचायला घेतलं. दिवा विझतो. पुढं पाऊस येतो आणि मिठाचा महाल हळूहळू विरघळायला लागतो. राणी पळून जात नाही. लोकांना म्हणते, वाहून जायच्या आत आपापली भांडी भरून न्या. सगळा गाव भिंती घरी नेतो. शेवटच्या पानावर महाल नाही, राणी उघड्या जमिनीवर बसलेली आहे, आणि दूर कुठल्यातरी परक्या घरात एक माणूस जेवता जेवता थांबतो, त्याला चव ओळखीची वाटते. बस, एवढंच. तो कोण, हेही लिहिलेलं नाही.

बाईंनी पुस्तक मिटलं. आत्याबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मला त्यांच्याकडं बघायचं धाडस होईना.

"म्हंजी ही माज्यासारखीच निघाली," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुस्तक चटईवर ठेवलं.

"बरं झालं. इतके दिस मला वाटायचं, तिचा आला, माजाच कसा येईना. माज्यात काय कमी हाय." मग बाईंकडं वळून म्हणाल्या, "आता त्या दुसरीचं पयल्यापासून वाच, बाळा. तिचा पोरगा कोन्या वाटंनं आला त्ये नीट ऐकू दे. पर आदी च्या टाक, तुजा घसा बसलाय. मला बी घोटभर दे."

पोरी, त्या लिहिणाऱ्यानं विहिरीतून वर पाऊस पाडला, ते मी नवलानं वाचलं. पण थोरल्या आत्याबाईंनी त्या घरातला चहा बशीत ओतून फुंकला, ते मी डोळ्यांनी बघितलं. दारात वस्तीतली पोरंबाळं, बाया गोळा झाल्या होत्या, कुणी हसलं नाही. घरी आल्यावर आत्याबाईंना बोलणारे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी परत गेल्या. जात राहिल्या. एकेक करून त्याची सगळी पुस्तकं त्यांनी तिथंच बसून ऐकली.

त्यांचा पोरगा आला का? नाही आला. आत्याबाई गेल्या तेव्हा तोंडात पाणी घालायला मी होते आणि बाई होत्या. घरातल्या कुणी बाईंना अडवलं नाही.

यादीचं म्हणशील तर जिल्द उसवून पानं जागच्या जागी लावायची असं बाईंचं मत होतं. आत्याबाई नको म्हणाल्या. इतक्या वर्षांत आमी जे ऐकलं तेही पुस्तकच होतं, ते फाडायचं कशाला. म्हणून आमी ती दोन्ही तशीच ठेवली, लिहिणाऱ्याच्या नावाखाली, पण बाकीच्यांपासून थोडी वेगळी, आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी जिल्दसाजाचंही नाव घातलं. तुझ्या यादीत अशी जागा असते का ते मला ठाऊक नाही. नसेल तर कर. वाचनालय बंद पडलं तेव्हा ती दोन्ही मी घरी आणली, तू फोटो काढलास तो त्यातल्याच एकाचा.

बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, डोळ्यांना फार कमी दिसतं. मी जाते वाचायला, पण दात गेल्यापासून माझे निम्मे शब्द हवेतच जातात आणि त्या मला रागवतात. ट्रंक अजून तिथंच आहे. तू एकदा ये. फोटो काढायला नको, चांगली आठ-पंधरा दिवस राहायला ये, आणि बाईंपुढं चटईवर बसून तुझ्या त्या स्वच्छ आवाजात वाच. फार लांबवू नकोस, बाळा, लवकर ये.