जाळ्याचं दुसरं टोक

गावदेवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या वर्षी मी तिच्यावर रुसले होते. पावसाळ्याच्या तोंडावर आमची होडी उलटली. माझे यजमान पोहत किनाऱ्याला लागले. यांचे थोरले चुलतभाऊ, दादा, ज्यांच्यासोबत हे दर्यावर जायला शिकले, ते मात्र परत आले नाहीत. तेव्हापासून हे घरात समुद्राकडे पाठ करून बसत. ताट वाढलं तर जेवत, विचारलं तर मान हलवत. झोपेत दचकून उठत आणि भिंत चाचपत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आमच्या दांडी गावातून रोज बोईसरला शाळेत शिकवायला जाई. प्रत्येक दुखण्यावर कुठेतरी काहीतरी लिहिलेलं असणारच, असा माझा भरवसा. पालघरच्या वाचनालयातून मनाला बसलेल्या धक्क्यांवरचं, सोप्या मराठीतलं एक पुस्तक आणलं. जे घडलं ते विश्वासाच्या माणसापाशी बोलावं, म्हणजे भीतीची पकड सैल होते, असं त्यात होतं. विश्वासाचं माणूस म्हणजे मीच, यात मला शंका नव्हती. रोज संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन मी विचारी, "लाट कुठून आली? तेव्हा मनात काय आलं?" हे उठून ओट्यावर जाऊन बसत.

आणि हेच दुपारी हिरावयनींच्या पडवीत बोलत. हिरावयनी म्हणजे त्या गेलेल्या भावाची बायको. मला ते शेजारणीकडून कळलं. डोक्यावरची मासळीची पाटी उतरवता उतरवता ती हसून म्हणाली, "टीचरबाय, तुजा नवरा मुका नाय हां. तिकडं पोपटासारखा बोलतो." मी आतून जळले. नवरा गमावलेल्या बाईचा मला हेवा वाटला. देवळात नारळ ठेवून मी म्हटलं, यांना माझ्याशी बोलतं कर. तिच्याशी बोलणं बंद कर, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. देवीला तेही ऐकू गेलं असणार.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. एके दिवशी वाऱ्यानं शाळेचे पत्रे उडाले आणि आम्हाला दुपारीच सोडलं. एसटीतून उतरले ती तडक हिरावयनींच्या दारात गेले, चार शब्द सुनावायचेच म्हणून. आत दोघं जाळं शिवत होती. यांच्या हातात सुई, वयनींनी दुसरं टोक ताणून धरलेलं. दोघांच्याही नजरा जाळ्यावर. दादांचा हात कसा निसटला, ते हे सांगत होते. सांगून झालं तेव्हा वयनी एवढंच म्हणाल्या, "परत सांग."

मला पाहून हे थांबले. वयनी हलल्या नाहीत.

"आलीस बाय? लोकं काय बोलतात ते माज्या कानावर हाय. मला तुजा हेवा वाटतो, ठाव हाय? तुजा आला. माजा शेवटाला कसा दिसला ते याच्याच डोळ्यात हाय, म्हणून बसवते याला." मग त्यांनी टोक माझ्यापुढे केलं. "धर हे. मी चूल पेटवते."

मी बसले. तोंडात प्रश्न दाटले होते, पण जाळं सैल पडू नये म्हणून दोन्ही हात आणि सगळं लक्ष तिकडेच लागलं. बऱ्याच वेळानं, मान वर न करता हे म्हणाले, "दादा बोलला, सोड मला." मी काही विचारलं नाही. टोक तेवढं घट्ट धरून ठेवलं. मग पुढचंही आलं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. ऐकणाऱ्यानं घाई करू नये, हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं, हेही त्याच पानावर होतं. मी रेघ दुसऱ्याच ओळीखाली मारली होती.

पत्रे वाऱ्यानं उडतातच, असं कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. यांचं तोंड उघडावं म्हणून मी नारळ ठेवला होता, देवीनं आधी माझं मिटवलं.

पौर्णिमेला आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. हे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. दर्याला वाहायचा नारळ यांनी माझ्याआधी वयनींच्या हातात दिला. मला वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं, तेही देवीच्या स्वाधीन केलं.