गुरप्पाअण्णांचं टाकं

गुरप्पाअण्णांबरोबर गड चढणं ही शिक्षाच होती. दर दहा पावलांना ते थांबत, स्वतःचे गुडघे चोळत आणि वर मलाच विचारत, "दमलाव का, मास्तर?" बेंबळीजवळच्या आमच्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गावामागच्या डोंगरावरच्या पडक्या किल्ल्यात एक कोरीव टाकं होतं, गाळानं बुजलेलं. ते उपसायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं आणि माझ्या मागं साडेसाती लागली.

राज्य निजामाचं, त्यामुळं दरखास्त उर्दूत लिहायची आणि उर्दू येणारा शाळामास्तर म्हणजे मी. ते दिवस दंग्याधोप्याचे. गडावर चार माणसं जमायची तर तहसिलीची परवानगी लागे. मी शहाणपणानं लिहिलं, 'गुरांच्या पाण्यासाठी'. वाचून दाखवताच अण्णा भडकले.

"गुरं कशाला मरायला जातील वर? खरं लिव्हा. गावावर धाड आली तर बाया-लेकरं गडावर लपतील, त्यास्नी पानी लागंल."

"अण्णा, हे वाचून तुम्हांलाच कोंडतील!"

"कोंडू द्या. खोट्या कागदावर माझी सही व्हायची न्हाय."

खरं लिहिलं. त्यांना चार दिवस कोंडलं. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा पाटी-फावडं घेऊन माझ्या दारात हजर! "बंदी चौघांला हाय मास्तर, दोघांला न्हाय." मी कपाळावर हात मारला आणि निघालो. उन्हाळाभर आम्ही गाळ उपसला. माझी पाठ मोडली, त्यांचे गुडघे कायमचे गेले. पावसाळ्यात टाकं काठोकाठ भरलं.

भाद्रपदात शेजारचं गाव लुटलं गेलं आणि आमचं गाव जीव मुठीत धरून गडाकडं निघालं. मी अण्णांपुढं पाठ वाकवली. "बसा."

"मी वझं हाय. लेकरं उचला."

"अण्णा, एकदा तरी ऐका हो!"

"लई बोलताव तुमी. आन् टाक्यात कुनाला पाय बुडवू देऊ नका, पानी घान हुतंय."

मी दोन पोरं उचलली. त्या पाण्यावर सगळं गाव तीन दिवस तगलं. खाली आलो तेव्हा दुकान लुटलेलं होतं आणि अण्णा उंबऱ्यात मरून पडले होते.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. मला रडू नव्हे, संताप येत होता. "एकदा ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?" खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी त्यांच्याशी मोठ्यानं भांडत होतो, आणि गाव मला आवरत होतं.