चिपवरचं कुंकू

खंडेनवमीला पायताण काढून लॅबमध्ये शिरत होतो, तर सरांनी दारातच हात आडवा धरला.

"आज पूजा आहे. तू बाहेर थांब. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही तर कुठं लावू? आत लेझरच्या टेबलावर माझी चिप. सगळ्या पीएचडीचा जीव तिच्यात. बोरगावच्या महारवाड्यातनं बेळगावात आलतो. आईनं विड्या वळून शिकवलं. आणि मी दाराबाहेर, पायताणांच्या ढिगाशेजारी उभा. आत आरती चाललेली. रोज माझ्या डब्यातलं खाणारी पोरं आत टाळ्या वाजवत होती. एकानंही वळून बघितलं नाही. लई जिव्हारी लागलं.

त्या चिपवर बारीक कड्यांची जाळी कोरलेली. प्रकाश तिच्या काठाकाठानं पळतो. पळता पळता प्रकाशकणांच्या जोड्या तयार होतात. चोरून ऐकता न येणारा निरोप धाडायला त्या लागतात. काठावरचं एखादं कडं बिघडलं तरी प्रकाश वळसा घालून पुढं जातो, माघारी फिरत नाही. एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

कोहळा फुटला. मग सर बाहेर आले, तोंड उतरलेलं. भक्तीच्या भरात त्यांनी झाकण काढून चिपलाच कुंकू लावलं होतं.

"ये आत. तेवढं पुसून घे. तुझा हात हलका आहे."

सकाळी बाटवणारा हात दुपारी हलका झाला. माझं डोकंच फिरलं. आत गेलो, पण पुसलं नाही. आहे तसाच लेझर लावला. काठावरची कडी कुंकवाखाली मेलेली. तरी पडद्यावर जोड्या उमटायला लागल्या. थोड्या कमी, पण उमटल्या.

सरांनी हात जोडले. "देवी पावली. आता पूस. प्रबंधातल्या फोटोत कुंकू दिसायला नको."

"न्हाय पुसणार."

"मग पीएचडी विसर."

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती रडली. "पूस की रं बाबा. आमचं काय नवं हाय का हे?"

नवं न्हाय, म्हणूनच पुसणार न्हाय. प्रबंधात तोच फोटो लागंल, कुंकवासकट. खाली लिहीन, ही खोट कुणी पाडली आणि तेव्हा चिप करणारा दाराबाहेर का उभा होता. सरांनी त्याच्याखाली सही करावी. नसंल करायची तर दुसरा गाईड बघीन, दुसरं गाव बघीन. माझ्या हातनं त्यांचं कुंकू पुसलं जाणार न्हाय.