उस्तादांच्या वहीतले आकडे

माझ्या ब्लॉगचा पहिला लेख होता 'पाण्याचे महत्त्व'. मेहकरात वीस वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरणाऱ्या माणसाने लिहायला बसावं आणि चौथीतला निबंध लिहून उठावं, याचा मलाच राग आला. तो तिघांनी वाचला. एक माझी मुलगी, एक मी. तिसरं कोण ते अजून कळलेलं नाही.

ब्लॉग मुलीनेच काढून दिला. ती बुलढाण्याला नर्सिंग शिकते, रविवारी घरी येते. गिऱ्हाइकांपुढे मोटारींबद्दल इतकं बडबडता, तेच लिहीत जा म्हणाली. शीर्षक कुठे टाकायचं, मसुदा म्हणजे काय, 'प्रकाशित करा' कुठे दाबायचं, हे तिने एका रविवारी शिकवलं आणि सोमवारी मी निम्मं विसरलो. लिहिलेलं आधी मसुद्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी वाचा, मगच लोकांना दाखवा, असं तिने दोनदा बजावलं होतं. मला कुठला धीर. एका बोटाने लिहायचो आणि त्याच बोटाने दाबून मोकळा व्हायचो.

दुसरा लेख, मोटर का जळते यावरचा, बऱ्यापैकी वाचला गेला आणि मी शेफारलो. आता काहीतरी वजनदार टाकायचं, असं डोक्यात शिरलं. त्या नादात मी दुकानातल्या पेटीच्या तळातून एक जुना कागद काढला.

मोटर भरायची म्हणजे जळकी तांब्याची तार उपसायची आणि नवी बसवायची. कुठल्या मोटारीत तारेचे किती फेरे, यावर सगळं. जुनी कॉइल हाताशी असेल तर ती कापून तारा मोजता येतात. पण कोणी कॉइल आधीच उपसून रिकामी मोटर आणली, तर आकडा ठाऊक असावा लागतो. असे आकडे माझ्या उस्तादांच्या वहीत होते. लोणारला त्यांच्या दुकानात मी चार वर्षं शिकलो. वही कुलपात असायची. ती तेच उघडायचे, फेरे मोठ्याने सांगायचे आणि परत कुलूप लावायचे. एका दुपारी ते नमाजला गेले आणि कुलूप लावायचं राहिलं. मी एक पान उतरवून घेतलं.

तो कागद मी कधी वापरला नाही. लाज वाटायची. रिकामी मोटर आली की दुसरीकडे न्या म्हणायचो. पण ब्लॉगपुढे लाज कमी पडली. सगळा तक्ता टाकला आणि वर लिहिलं, 'माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून'. हे लिहिताना बोट जरासुद्धा अडखळलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या रविवारी मुलगी आली. लोकांच्या टिप्पण्यांना उत्तर का देत नाही, म्हणाली. मी म्हटलं, टिप्पण्या आल्याच नाहीत. तिने फोन घेतला आणि दाखवलं. मी मंजूर करीन म्हणून त्या आत थांबून होत्या. त्यातली एक तीन दिवसांपूर्वीची, जानेफळवरून. तिकडच्या एका मिस्त्रीकडे साडेसात एचपीची मोटर कॉइल उपसून आली होती. तुमच्या तक्त्याप्रमाणे भरतो, बरोबर आहे ना, असं त्याने विचारलं होतं.

हो लिहायच्या आधी मी उठलो. का उठलो, सांगता येत नाही. दुकानात पाच एचपीची एक जळकी मोटर पडली होती. तिची कॉइल कापली आणि तारा मोजल्या. तक्त्यात चाळीस, हातात सेहेचाळीस. परत मोजल्या. सेहेचाळीसच.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. फेरे कमी पडले की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. कोणा शेतकऱ्याची मोटर, त्याचं ओलीत, त्या मिस्त्रीचं नाव, सगळं माझ्या फुशारकीपायी जाणार होतं. मुलीने तक्ता परत मसुद्यात नेला. 'भरू नका, आकडे चुकीचे आहेत', असं उत्तर टाकलं. तिकडून काही आलं नाही. जानेफळला जाऊन त्याला शोधलं असतं, पण सांगणार काय? साडेसातचा खरा आकडा मला कुठे ठाऊक होता.

सकाळी लोणारची एसटी धरली. उस्तादांना फोनवर ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हतीच. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. दुकान आता बंद असतं. त्यांचा मुलगा मोबाइल विकतो. उस्ताद घरासमोर खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कागद, ब्लॉग, जानेफळ.

ते हसायला लागले.

"सहा मिळव. वहीतला एकबी आकडा खरा नाही. माझ्या उस्तादानं मले तसंच शिकवलं. चोरानं नेली तं नेऊ दे."

मी म्हटलं, चोर मीच होतो.

"ठाऊक हाये. पानावर तुह्या बोटाचं वार्निश लागलं होतं."

"मंग मले काढलं काऊन नाही?"

"काढलं असतं तं तू त्याच आकड्यावर मोटारी जाळत बसला असता. म्हून तुले मोजाले लावलं."

तेव्हा मला आठवलं. एका मोसमात उस्ताद मला प्रत्येक जळकी कॉइल तीन-तीनदा मोजायला लावायचे. म्हातारा उगाच छळतो, म्हणून मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. काल दुकानात ज्याने मला उठवलं, ते तेच होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या पायाशी बसलो.

खिशात फोन वाजला. टिप्पणी आली की वाजेल, असं मुलीने करून ठेवलं होतं. जानेफळचा मिस्त्री. त्याने लिहिलं होतं, 'तुमचं उत्तर आल्याबिगर कशी भरीन? विचारलं म्हणजे थांबावं लागते. मोटर पुसून ठेवली आहे.' मी ते उस्तादांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला. इतका की मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. त्याला लगेच साडेसातचा खरा आकडा कळवला.

उस्तादांनी मुलाला आतून वही आणायला सांगितली. ज्यांच्यापासून लपवत होतो ते सगळे गेले, आता वही चोरून न्याले बी कोणी येत नाही, असं म्हणत त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. एकेका आकड्यात सहा मिळवून ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. या वेळी मसुद्यात ठेवलं, दोनदा वाचलं. वरची 'वीस वर्षांच्या अनुभवातून' ही ओळ खोडली आणि लिहिलं, 'हे आकडे मी उस्तादांच्या वहीतून चोरले होते. आता त्यांनी स्वतः दिले आहेत. तरी कॉइल हाताशी असेल तर मोजूनच घ्या.'

त्यांना वाचून दाखवलं. चोरले नको, शिकलो लिही, म्हणाले.

तेवढं एक मी त्यांचं ऐकलं नाही.