सावद्याच्या नौसैनिकाला आणायला गेले तेव्हा

१९९१च्या डिसेंबरात मी धुळ्याच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. बांगलादेश मुक्त होऊन वीस वर्षं झाली, म्हणून त्या युद्धात लढलेल्यांचा शाळेत सत्कार ठरला. सावद्याहून काशिनाथ तायडे यांचं पोस्टकार्ड आलं: 'मी नौदलात होतो. माझं नाव यात बसतं का?' म्हटलं, जाऊन घेऊनच येऊ.

सकाळच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. स्टँडबाहेरच्या शेवभाजीने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. पुढची बस भुसावळ, फैजपूरवरून. तुम्ही कधी गेलात तर फैजपूरनंतर डावीकडची खिडकी धरा, सातपुडा दिसतो. आमची बस मात्र केळीच्या ट्रकमागे रांगत होती.

काशिनाथआबांनी ओसरीवर खाट टाकली. मी युद्धाचं विचारलं, तर म्हणाले, "मी काय बंदूक चालवली? बॉयलरपाशी व्हतो. समुद्रबी धड दिसे नाही."

"मग जहाज काय करत होतं?"

"बंगालच्या उपसागरात वाट अडवून उभं. शत्रूले बाहेरून काही येऊ द्यायचं नाही, अन् त्याले पळूबी द्यायचं नाही. एक बोट धरली. आत साध्या कपड्यातले शत्रूचे शिपाई. एकाले मी पाणी पाजलं, तर रडे बिचारा."

आतून त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मलेबी नाही सांगितलं!"

"कोनी विचारलंच नाही," आबा म्हणाले.

रात्री तिथेच राहिले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. अक्कांनी आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याला पोचलो. आबा मंडपात शेवटच्या खुर्चीवर बसले. "ही खरी लढलेली माणसं," ते माझ्या कानात पुटपुटले. त्यांची पाळी आली तेव्हा जेमतेम चार वाक्यं बोलले. तेवढ्यात पहिल्या रांगेतले पायदळाचे एक सुभेदार कुबडी सावरत उठले. एक पाय त्यांनी त्याच युद्धात गमावला होता.

"आम्ही रोज म्हणायचो, समोरच्यांना नवी कुमक येत कशी नाही? ते तुम्ही होता व्हय, भाऊ?"

त्यांनी सलाम ठोकला. आबांनी टाचा जुळवून सलाम परत केला.

संध्याकाळच्या बसमध्ये आबांना बसवून मी घरी आले. इतकी वर्षं हे युद्ध मी फक्त जमिनीवरचं म्हणून शिकवलं होतं, याची लाज वाटत राहिली. पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा फळ्यावर मी आधी बंगालचा उपसागर काढला.