सुखीबाईची एकोणीस कुलपं

आमच्या लेआऊटमध्ये कोणाकडे काय शिजतंय हे मला फोडणीच्या वासावरून कळतं. त्यामुळे मागच्या मोकळ्या जागेत सुखीबाईचं खोपट उभं राहिलं, त्याच दिवशी मी तिची सगळी माहिती काढली. झरी जामणीकडची. पावसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिला, दुबार टोबून पेरलेली सरकीही मातीतच करपली, तशी ती यवतमाळला आली. मागोमाग तिच्या गावची माणसं. वर्षभरात वीस खोपटी झाली. नळ एकही नाही.

पाणी आमच्याच विहिरीचं. उन्हाळ्यात बादली विहिरीचा तळ खरवडायला लागली, तेव्हा शेजारच्या इंदुताईंनी तिला बजावलं, “पुढच्या उन्हाळ्यात इकडे घागर आणायची नाही.”

सुखीबाईनं नळासाठी अर्ज दिला. नगरपालिकेचा घरं मोजणारा मोजणीवाला आला तो नेमका कापूस वेचणीच्या दिवसांत. वस्ती वेचायला बाहेरगावी. गुडघे धरल्यामुळे एकटी सुखीबाई घरी. बाकी दारांना बाभळीच्या काट्या आडव्या लावलेल्या. त्यानं लिहिलं : राहतं घर एक, पडीक एकोणीस.

“पडीक काहून लिहून राह्यले साहेब? काटी लावली म्हन्जे मालक येनार हाये. काटी सारून आमच्यात कोनी आत जात नाही.”

“आजी, राहत्या घराला कुलूप असतं. आणि एका घरासाठी नळ मिळत नाही.”

“चोरच नव्हता गावात, तं कुलूप कोनासाठी घेतो?”

तो हसला, पण कागद काही हसला नाही. परवा पुन्हा येतो, एवढं कबूल करून गेला.

सुखीबाई तडक माझ्याकडे. “कुंदाताई, कुलपं पाह्यजे. एकोनीस.”

“अगं, दरोडा घालायचाय का थांबवायचाय?”

“नळ आनाचा हाये.”

मग काय, मी घरोघर फिरले. सायकलींची निघाली, ट्रंकांची निघाली. इंदुताई लोणच्याच्या कपाटालाही कुलूप घालतात, ही बातमी मला त्यातच मिळाली. ते कुलूप त्यांनी दिलं हे विशेष. विहीर वाचत होती ना!

मोजणीवाला आला, कुलपं मोजली, वीस घरं लिहून गेला.

वेचणीवरून माणसं परतली. मी कुलपं मागायला गेले.

“नळ येईलोक राहू द्या ताई,” सुखीबाई म्हणाली. “साहेब अजून मोजाले आला तं?”

होळीच्या आधी नळ आला. तोवर आमच्या सगळ्या सायकली रस्त्यावर उघड्याच उभ्या होत्या. एकही गेली नाही.